हरवलेलं कुत्रं गल्लीच शोधून देते

लक्ष्मीपूजनाची रात्र उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो मोबाइलवर येऊ लागतात. लॅब्रेडॉर, बीगल, पामेरियन आणि अलीकडे घरात पाळलेली देशी कुत्रीही. पुण्यात कुत्र्यांच्या बचावकामात, रविवारच्या दत्तक मेळाव्यांत आणि अशा शोधांमध्ये मी बरीच वर्षं हातभार लावते आहे. या कामातून माझं एक मत पक्कं होत गेलं, ते इथे कारणांसह मांडायचं आहे. हरवलेलं कुत्रं सापडतं ते गल्लीतल्या माणसांमुळे, आणि त्यातही रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्यांमुळे. ज्या वस्तीने या माणसांना भांडून, तक्रारी करून हाकलून लावलं आहे, तिथे घरातलं कुत्रं सुटलं तर त्याला ओळखणारी नजरच शिल्लक राहत नाही. भटक्या कुत्र्यांची काळजी आणि पाळीव कुत्र्यांचा शोध ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. आपले मेळावे, शिबिरं आणि संस्था हे लक्षात घेऊन आखायला हव्यात.

आधी कुत्रं हरवतं कसं ते पाहू. माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक, सुमारे ४५ हजारांपर्यंत. सुतळी बॉम्ब, विसर्जनाच्या मिरवणुकीतला डीजे, वळवाचा गडगडाट, ३१ डिसेंबरची आतषबाजी यांपैकी काहीही त्याला बिथरवायला पुरतं. दार किलकिलं असलं किंवा पट्टा सैल असला की ते निसटतं आणि आवाजापासून दूर, वाट फुटेल तिकडे पळतं. पुढचं घरच्यांना पटत नाही, पण ते खरं आहे: घाबरलेलं कुत्रं ओळखीच्या हाकेलाही फिरकत नाही, कधी कधी मालकालाच पाहून पळ काढतं. त्यात प्रत्येक गल्ली तिथल्या कुत्र्यांच्या ताब्यात असते. नवखं कुत्रं दिसलं की ती भुंकून, अंगावर जाऊन त्याला आपल्या हद्दीबाहेर घालवतात, मग पुढच्या गल्लीतली टोळी तेच करते. असं ढकललं जात जात ते एखाद्या बंद पडलेल्या बांधकामावर, नाल्याच्या कडेला किंवा उभ्या ट्रकखाली जाऊन बसतं. दिवसा हलत नाही. रहदारी थांबली की मध्यरात्रीनंतर बाहेर येतं आणि उजाडायच्या आत पुन्हा दडतं. तेव्हा घरचे लोक दिवसभर हाका मारून दमलेले असतात. त्या वेळी रस्त्यावर असतात ते रखवालदार, पहाटेचे दूधवाले आणि पेपरवाले, झाडूवाल्या बायका, कचरावेचक आणि कुत्र्यांना खायला घालणारे फीडर. फीडर मुद्दाम रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे निघतात, कारण इतर वेळी त्यांना कुणाचे ना कुणाचे बोल ऐकावे लागतात.

ही केवळ माझी समजूत नाही. अमेरिकेत हजारभर घरांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के कुत्री परत मिळाली होती. मिळालेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी, ४९ टक्के, आसपासच्या परिसरात शोधल्यामुळे सापडली. गळ्यातल्या बिल्ल्यामुळे किंवा चिपमुळे १५ टक्के सापडली आणि निवारागृहात जाऊन अवघी सहा टक्के. ज्या देशात महापालिकांची निवारागृहं आहेत, कुत्र्यांच्या नोंदी आहेत, रस्त्यावर मोकळी कुत्री जवळपास नाहीत, तिथेही शेजार हाच मोठा आधार ठरला. आपल्याकडचे आकडे इतके चांगले असतील असं मी म्हणणार नाही, परिस्थितीच वेगळी आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात साडेबारा लाखांहून अधिक भटकी कुत्री होती. एवढ्या कुत्र्यांत पट्टा निसटलेलं एक पाळीव कुत्रं परक्या माणसाला वेगळं दिसणार कसं? विशेषतः ते देशी असेल तर? ते वेगळं दिसतं फक्त त्यालाच, ज्याला त्या गल्लीतली उरलेली सगळी कुत्री ठाऊक आहेत.

फीडरचं हे ज्ञान किती बारीक असतं याची बहुतेकांना कल्पना नसते. आपल्या वाटेवरचं प्रत्येक कुत्रं त्यांना नावाने माहीत असतं. कुणाच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली आहे, कुणाची राहिली आहे, कोण लंगडतं, कोण दोन दिवस जेवलं नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. त्यामुळे ताटलीजवळ एक अनोळखी तोंड आलं तर ते त्यांना लगेच कळतं. ते बिचकतंय कशाने, दुसऱ्याचं खाणं संपेपर्यंत लांब थांबतंय का, ‘बस’ म्हटल्यावर बसतंय का, एवढ्यावरून ते घरातलं आहे की दुसऱ्या वस्तीतून आलेलं, हे ते ओळखतात. रोज येणारी कुत्री एका कोपऱ्याकडे तोंड करून रात्रभर भुंकत असतील, तर तिथे कुणीतरी परकं दडलेलं आहे हेही त्यांनाच उमगतं. अशा कुत्र्याच्या मागे धावायचं नसतं. धावलं की ते थेट हमरस्त्यावर जातं. त्याच्याकडे टक लावून न पाहता, अंग तिरकं करून खाली बसायचं, रोज एकाच जागी एकाच वेळी खाणं ठेवायचं, घरच्यांच्या अंगातला न धुतलेला कपडा तिथे टाकायचा आणि वाट पाहायची. हा धीर मी ज्यांच्यात पाहिला ती सारी रस्त्यावरच्या कुत्र्यांत वर्षानुवर्षं वावरलेली माणसं आहेत.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप चावण्याचा आणि रेबीजचा आहे. तो उडवून लावण्यासारखा नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी जवळपास कधीच वाचत नाही, आणि चाव्यांची झळ गरीब वस्त्यांतल्या मुलांना अधिक बसते. ज्या आईच्या मुलाला कुत्रं चावलं आहे तिला फीडरचा राग आला तर तो समजून घ्यायला हवा. पण उपाय काय, हा प्रश्न उरतोच. लस टोचायची तर कुत्रं हाताला लागलं पाहिजे, आणि नसबंदीसाठी गाडी आली की गल्लीतलं कोणतं राहिलं आहे ते दाखवणारं कुणीतरी हवं. गाडीचा आवाज ऐकताच पांगणारी कुत्री ज्या माणसाच्या हाताशी येऊन उभी राहतात, तोच माणूस हे करू शकतो. त्याला हुसकावल्याने कुत्री जात नाहीत. ती तिथेच राहतात, मात्र लसीवाचून आणि नसबंदीवाचून. खायला घालण्याची शिस्त हवी, यात वाद नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत ती सांगितलेली आहे: जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यांपासून आणि येण्याजाण्याच्या दारांपासून दूर असावी, वेळ मुलांची आणि वृद्धांची वर्दळ पाहून ठरवावी. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठेही खायला घालण्याला मनाई केली, पण प्रत्येक प्रभागात त्यासाठी ठरावीक जागा करून देण्यासही सांगितलं. जे फीडर दुसऱ्याच्या दारात भात ओतून निघून जातात त्यांची बाजू मी घेणार नाही. ते या कामाचं नुकसान करतात.

त्याच न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात नेण्याचा, परत तिथे न सोडण्याचा आदेश दिला. आता बिथरून पळालेलं घरचं कुत्रं बसस्थानकाच्या शेडखाली जाऊन बसलं आणि त्याच्या गळ्यात काहीच नसलं, तर गाडीवरच्या माणसाने ते कसं ओळखायचं? पाळीव कुत्र्याची ओळख आता घरापुरती हौस राहिलेली नाही, ती त्याच्या सुटकेचा आधार आहे.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो शिकलेल्या घरांतून येतो: मग चिप बसवा, इंटरनेटवर टाका, शेजाऱ्यांची गरज काय? चिप जरूर बसवावी. तांदळाच्या दाण्याएवढी ही वस्तू खांद्यांमधल्या कातडीखाली बसते, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. पण कुत्रं कुठे आहे ते ती सांगत नाही. तिला बॅटरी नसते, आणि वाचण्यासाठी आधी कुत्रं पकडून यंत्रापाशी न्यावं लागतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५३ निवारागृहांतल्या नोंदी पाहिल्या होत्या. चिप असलेली ५२ टक्के कुत्री मालकाकडे परतली, तर रस्त्यावरून आलेल्या एकूण कुत्र्यांत हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. फरक मोठा आहे. पण चिप असूनही मालक मिळाला नाही, तेव्हाचं एक मोठं कारण होतं नोंदीतला चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. आपल्याकडे तर मुंबई-पुण्यात परवाना बंधनकारक असूनही तो काढणारे थोडे. इंटरनेटवरच्या आवाहनाचंही तसंच. ते हजारो लोकांपर्यंत जातं, पण त्यांतले बहुतेक दुसऱ्या उपनगरातले असतात, आणि ‘तुमचं कुत्रं माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ म्हणणारे ठगही त्यातूनच येतात. (म्हणून अंगावरची एखादी खूण जाहिरातीत कधीच लिहू नये. फोन करणाऱ्याला ती विचारावी.) पाव किलोमीटरच्या आतल्या भिंतींवर मोठ्या फोटोचा, एकाच फोन नंबरचा आणि ‘पकडू नका, फोन करा’ एवढंच सांगणारा कागद यापेक्षा कितीतरी अधिक कामाचा.

‘ही सगळी नव्या श्रीमंतांची थेरं आहेत’ असंही म्हटलं जातं. तसं म्हणणाऱ्यांनी मुंबईचा इतिहास पाहावा. सरकारी हुकमाने रस्त्यावरची कुत्री मारली जाऊ लागली तेव्हा ६ जून १८३२ रोजी पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दुसऱ्या दिवशी फोर्टातला बाजार बंद पडला. फीडरांतही बंगल्यातल्या बायकांपेक्षा चाळीत आणि टपरीवर राहणारी माणसंच मी जास्त पाहिली आहेत.

माझा स्वतःचा आक्षेप आहे तो आमच्याच बचाव मंडळींवर. केस गुंतलेलं, गोचिड्या झालेलं, बरगड्या दिसणारं जातिवंत कुत्रं मिळालं की आम्ही लगेच म्हणतो, ‘कुणीतरी सोडून दिलं.’ सोडून देणारे आहेत, पुष्कळ आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं गुन्हा ठरवलं आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून १० ते ५० रुपयेच आहे, आणि तेवढ्याने कुणाला धाक बसत नाही. तरीही दोन आठवडे बाहेर राहिलेलं हरवलेलं कुत्रं हुबेहूब टाकून दिलेल्यासारखंच दिसतं. त्याच्या घरी कुणी रडत असेल, ही शक्यता न तपासता ते पुढच्या रविवारी दत्तक देणं अन्याय आहे. कायद्यातही सापडलेल्या वस्तूबद्दल जबाबदारी सांगितली आहे: १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ सापडलेल्या वस्तूची दुसऱ्याने सांभाळायला दिलेल्या ठेवीसारखी काळजी घ्यायला लावतं, आणि कायद्याच्या लेखी कुत्रं मालमत्ताच ठरतं. चिप तपासावी, जिथे मिळालं त्या गल्लीत कागद लावावेत, तिथल्या फीडरला आणि रखवालदाराला विचारावं, जवळच्या पशुवैद्यांकडे फोटो द्यावा. एवढं झाल्यावर आणि पुरेसा काळ गेल्यावरच नवं घर शोधावं.

म्हणूनच मेळाव्यांचं माप बदलायला हवं असं मला वाटतं. किती पिल्लं दत्तक गेली, हा आकडा स्टेजवरून जाहीर होतो आणि टाळ्या पडतात. पिल्लं जातात हे चांगलंच आहे. वांद्र्याच्या अ‍ॅडॉप्टाथॉनसारख्या मोठ्या मेळाव्यांनी देशी कुत्र्याला घरात मान मिळवून दिला, हे ऋण मी मानते. पण मोठी झालेली, काळी, एका डोळ्याची कुत्री संध्याकाळी परत फिरतात, आणि दत्तक गेलेलं पिल्लू नव्या घरातून पहिल्या काही आठवड्यांतच निसटण्याची भीती सर्वांत जास्त असते, कारण ते घर अजून त्याचं झालेलं नसतं. त्या मेळाव्यातून बाहेर पडताना प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात फोन नंबरचा बिल्ला असावा. परवान्याचा अर्ज तिथेच भरून घ्यावा. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाची शिबिरं दिवाळीच्या आधीच येतात. त्यांत पाळीव आणि गल्लीतली कुत्री एकाच रांगेत टोचावीत, आणि त्या प्रभागातल्या फीडरांची सोसायट्यांच्या कमिट्यांशी समोरासमोर ओळख करून द्यावी. मोठं मैदान घेऊन वर्षातून एकदा हे करण्यापेक्षा प्रभागातल्या शाळेच्या पटांगणात लहान मेळावे वरचेवर भरावेत. हरवलेल्या कुत्र्याचा परिसर तेवढाच असतो आणि त्याला शोधणारी माणसंही तिथलीच असतात.

तुमच्या घरी कुत्रं असेल तर आज त्याच्या पट्ट्यावर न पुसणाऱ्या शाईने तुमचा चालू फोन नंबर लिहा, आणि पट्टा डोक्यावरून निघतो का ते ओढून पाहा. मग रात्री अकराच्या सुमाराला खाली उतरा. तुमच्या गल्लीत कुत्र्यांना खायला घालणारं जे कुणी भेटेल त्याचं नाव विचारा, त्याचा नंबर घ्या आणि तुमच्या कुत्र्याचा एक फोटो त्याला देऊन ठेवा.