आडनाव न सांगता बसायची जागा

जूनमध्ये एका शनिवार-रविवारी आमच्या ॲक्रनच्या रस्त्यांवर मोटरसायकलींची रांग लागते. दूरदूरहून हजारो माणसं येतात, आर्डमोर ॲव्हेन्यूवरचं एक साधं घर पाहतात आणि माउंट पीस दफनभूमीतल्या एका थडग्यावर नाणी ठेवतात. घर आणि थडगं, दोन्ही डॉ. बॉब स्मिथ यांचं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे ‘एए’ म्हणतात, ती चळवळ या माणसापाशी, या गावात सुरू झाली. दगडावर तिचा उल्लेखसुद्धा नाही.

ओहायोतलं हे गाव टायरचं. गुडइयर, गुडरिच, फायरस्टोन, सगळे इथले. आपली मुलं इथे पॉलिमर शिकायला येतात, नोकरीला लागतात, घरं घेतात. एएचं हे जन्मगाव आहे हे मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस धंद्याच्या कामासाठी इथे आला. काम फिसकटलं. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा, आणि बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. त्याने फोन उचलला आणि इथल्या पाद्र्यांना विचारत सुटला: मला बोलायला एखादा दारुडा हवा आहे. फिरत फिरत तो फोन हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी त्याची डॉ. बॉबशी गाठ घालून दिली. शस्त्रक्रिया करणारे हे डॉक्टर स्वतः वर्षानुवर्षं पीत होते. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले, ते रात्री उशिरापर्यंत बसले. १० जूनला त्यांनी शेवटचा घोट घेतला. तीच संस्थेची जन्मतारीख धरतात. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की बिल उपदेश करायला गेला नव्हता. समोरच्याशी बोललो नाही तर आज मीच पिईन, हे ओळखून तो गेला होता.

मागच्या हिवाळ्यात सोलापूरकडचा एक मुलगा आमच्याकडे आला. टायरच्या प्रयोगशाळेत चांगली नोकरी, घरी बायको आणि लहान बाळ. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दारू नसते, पण शुक्रवारी कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये असतेच. ह्याचं पिणं आता बाकीचे घरी गेल्यावरही चालू राहत होतं. “काकू, एएमध्ये माझं नाव लिहून घेतील का? व्हिसाचं काय होईल?” हा त्याचा पहिला प्रश्न.

कुणी नाव लिहून घेत नाही. फी नाही, फॉर्म नाही. भीती बाळगायचीच तर पिऊन गाडी चालवण्याची बाळगावी. त्यात अटक झाली तर व्हिसा रद्द होऊ शकतो. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं, आणि मीटिंगची यादी काढून दोघांनी एक ‘ओपन’ मीटिंग निवडली. ‘क्लोज्ड’मध्ये फक्त ज्यांना दारू सोडायची आहे तेच बसतात, ओपनमध्ये माझ्यासारखी सोबत आलेली बाईही चालते.

चर्चचं तळघर, घडीच्या खुर्च्या, मोठ्या भांड्यात कॉफी. आमच्या भागात एक जण उठून आपली सगळी कहाणी सांगतो, त्याला इथे ‘लीड’ म्हणतात. मग टोपली फिरते, ज्याला जमेल तो एक-दोन डॉलर टाकतो; बाहेरच्या कुणाची देणगी ही माणसं घेत नाहीत. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं, म्हणून त्या कहाणीतलं काही मी लिहिणार नाही.

लिहायचंय ते आडनावाबद्दल. आपण दोन मराठी माणसं भेटलो की तिसऱ्या वाक्याला आडनाव येतं, मग गाव, मग ‘अमक्यांचे कोण तुम्ही?’ घराणं, जात, मामाचं गाव, सगळं टेबलावर. दारू सुटत नसलेल्या माणसाला त्या टेबलाशी बसवत नाही. इथे नुसतं पहिलं नाव सांगायचं. त्या मुलाने ते सांगितलं, सगळी खोली एका सुरात “हाय” म्हणाली, आणि त्याचे खांदे खाली आले.

परतताना गाडीत तो आजोबांबद्दल बोलला. पंढरपूरला माळ घातली आणि त्यांची दारू सुटली. गळ्यातली माळ साऱ्या गावाला दिसायची, गाव पहारा द्यायचं. ॲक्रनमध्ये असं गाव कुठून आणायचं? मीटिंगच्या शेवटी सगळ्यांनी हात धरून म्हटलेली ख्रिस्ती प्रार्थना त्याला परकी वाटली होती. ‘स्पॉन्सर’ म्हणून ज्याने त्याला आपला नंबर दिला, त्या म्हाताऱ्या टायर-कामगाराने मात्र त्याला सांगितलं, देव तुझा तू ठरव, पण पिण्याआधी मला फोन कर, रात्री दोनला सुद्धा.

तो मीटिंगला जातो आहे. मध्ये एकदा घसरला, तरी दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत जाऊन बसला आणि कुणी त्याला जाब विचारला नाही. त्याच्या बायकोला मी अल-ॲनॉनला घेऊन जाते. पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या मीटिंग वेगळ्या असतात, आणि तिला त्यांची गरज त्याच्याइतकीच होती. पुण्यात ‘मुक्तांगण’ १९८६ पासून आहे, मराठीत बोलणारे एएचे गट महाराष्ट्रात आहेत, हे तिच्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा त्या माउलीला पहिल्यांदा व्यसन हा आजार आहे असं वाटलं.

आमच्या मंडळाच्या दिवाळी पत्रकात ढोलपथकाची वेळ असते, फराळाचा पत्ता असतो. यंदा त्यात जवळच्या मीटिंगची जागा आणि वार छापावा, असं मी समितीला लिहिलं आहे. दोघांनी विरोध केला. आपल्यात असलं काही नाही, म्हणाले. पुढच्या बैठकीत मी पुन्हा विषय काढणार आहे.