घरची बखर

आत्मचरित्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें थोर पुरुष उभे राहतात. ज्यानें राज्यकारभार पाहिला, तुरुंग भोगिला किंवा ग्रंथ रचिले, त्यानें आपलें आयुष्य लिहावें. इतरांनीं तें नुसतें जगावें व निमूटपणें निघून जावें, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. आणि आमच्या पारोळ्याचा किल्ला पाहिला म्हणजे तर तो मुळींच पटत नाहीं.

हा किल्ला 1727 सालीं जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनीं बांधिला असें सांगतात. येथील जहागीरदार झांशीच्या राणीच्या नात्यांतले. 1857 च्या उठावांत त्यांच्यावर सरकारची इतराजी झाली, जहागीर जप्त झाली आणि किल्ल्याची मोडतोड करण्यांत आली. हें आपणांस कशावरून कळतें? तर ज्या सरकारनें जप्ती केली त्याच्याच गॅझेटिअरवरून! त्या दिवशीं गांवांत कोणाच्या चुली पेटल्या नाहींत, कोणत्या सुनेनें दागिने कोठें पुरले, पोरांना काय सांगून गप्प केलें, हें त्या दप्तरांत शोधूं नये. दप्तर जप्ती करणाराचें असतें.

आतां झांशीकडे पाहा. घरच्या कर्जानें गांजलेले वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेले आणि 1858 सालीं झांशीच्या वेढ्यांत सांपडले. पुढें चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनीं ती हकीकत लिहून काढिली. वैद्यांनीं ती फेरफार करून ‘माझा प्रवास’ या नांवानें 1907 सालीं छापिली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनीं सिद्ध केलेली प्रत निघाली ती 1966 सालीं. राणीचें शौर्य पुष्कळांनीं गाइलें आहे. परंतु वेढ्यांतील सामान्य माणसाची भूक आणि भीति सांगावयास एक कर्जबाजारी भिक्षुकच लागला. शिवाय त्याचे कागद कोणीतरी जपले, म्हणूनच त्याचे मूळ शब्द आपल्या हातीं आले.

ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांचें काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या खानदेशानेंच दिलें आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या पुत्र सोपानदेव व घरच्या मंडळींनीं टिपून ठेविल्या. बहिणाबाई 1951 सालीं वारल्या आणि 1952 सालीं त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. मुलानें वही काढिली नसती, तर तें सारें त्यांच्याबरोबरच गेलें असतें.

तथापि खरी अडचण लेखणीची नसून लाजेची आहे. 1972 च्या दुष्काळांत आमच्या थोरल्या काकू पहांटे उठून रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जात व तेथें मिळालेली सुकडी पदरांत बांधून आणीत. आम्हां मुलांस ‘काकू शेतावर गेल्या आहेत’ असें सांगण्यांत येई. शेतांत तर त्या वर्षीं काडी नव्हती. वयाच्या ऐंशीव्या वर्षीं काकूंनीं हें आपण होऊन नातसुनेस सांगितलें आणि तिनें तें वहींत उतरविलें. घरांत एकच गहजब झाला. चांगल्या घराण्याला हें शोभत नाहीं, तें पान फाडून टाका, असें त्यांचे मुलगे म्हणूं लागले. काकू शांतपणें म्हणाल्या, “त्या खडीच्या पैशांतून तुमची शाळेची फी भरली आहे. पान फाडायचें असेल तर फाडा. मग तेवढी फी मला परत करा.” पान राहिलें.

आमचें वाचकांस एवढेंच सांगणें आहे कीं, अशी पानें राहूं द्यावीं. वही साधी असावी, भाषा घरची असावी. लग्नें-मुंजीच लिहूं नयेत. कर्ज, आजार, गेलेलीं लेंकरें आणि तुटलेलीं भावकी यांचीही नोंद असावी. कोणास दुखविण्यासाठीं लिहूं नये. पण कोणी दुखावेल म्हणून खोटेंही लिहूं नये. जमिनीचा सातबारा सरकार सांभाळतें. ती जमीन राखण्यासाठीं घरांतील कोणत्या बाईनें गळ्यांतले मणि मोडले, हें तिच्या नातवंडांस सांगणारें दुसरें दप्तर नाहीं.