बुद्धिबळाचे मूल्यमापन : निकाल आणि नोंदवही

बुद्धिबळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे मूल्यमापन म्हणजे त्याने जिंकलेल्या डावांची मोजदाद, अशी समजूत रूढ असली तरी शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ती अपुरी आहे. कारण निकाल प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवरही ठरतो आणि कच्च्या चालीने मिळालेला विजय तीच चाल पक्की करून जातो.

हाच प्रश्न पाथर्डी या तालुक्याच्या गावातूनही पाहता येतो; येथे परीक्षा नवी नाही. आचार्य आनंदऋषीजींच्या प्रेरणेने १९३६ साली येथे स्थापन झालेल्या तिलोकरत्न जैन धार्मिक परीक्षा बोर्डाने धर्माभ्यासालाही अभ्यासक्रमाची आणि पायऱ्यांची शिस्त दिली. बुद्धिबळालाही पायऱ्या आहेत : मोहऱ्यांच्या चाली, शह आणि मात, किल्लेकोट, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारी जोडचाल, आणि पुढे थोड्या मोहऱ्यांचा अंतिम खेळ. मात्र नियमांचे पाठांतर तपासता आले, तरी प्रत्येक डाव थोड्याच चालींत अनोळखी वाटेला लागत असल्याने खरी परीक्षा निर्णयाचीच होते.

जगभर प्रचलित असलेले मानांकन अर्पाद एलो यांच्या पद्धतीवर आधारलेले असून फिडे या जागतिक संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल, तर वरचढ खेळाडूने १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, असे तिचे गणित सांगते. हे माप प्रामाणिक आहे; परंतु ते निकालांचे आहे, आणि मार्च २०२४ पासून फिडेचे किमान मानांकन १४०० झाल्याने नवशिक्याची सुरुवातीची सगळी वाटचाल त्या आकड्याच्या खालीच राहते.

कौशल्य नेमके कशात असते, याचा शोध डच मानसशास्त्रज्ञ आड्रियान डी ग्रूट यांनी १९४६ च्या प्रबंधात खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावून घेतला. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी दाखवले, की खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद पाहून कसलेला खेळाडू ती बरीचशी पुन्हा मांडतो, पण मोहरी कशीही विखुरली की नवशिक्यावरची त्याची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे त्याला सुटी मोहरी नव्हे, तर त्यांचे परस्परसंबंध दिसतात. म्हणून शिक्षकाने ‘कोणती चाल?’ याबरोबर ‘ती का, आणि दुसरी कोणती सोडली?’ हेही विचारले पाहिजे.

पाथर्डी तालुक्यात या विचाराला आणखी एक कारण आहे. या अवर्षणप्रवण भागातून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, काही मुलेही सोबत जातात, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचे गाळप संपल्यावर, परततात. ठरावीक तारखेच्या चाचणीत असे मूल केवळ गैरहजर दिसते. त्याच्याजवळ मात्र डावांची नोंदवही राहू शकते, जिच्यात प्रत्येक चाल घराच्या अक्षर-अंकाने लिहिलेली असेल आणि मोक्याच्या चालीपुढे प्रतिस्पर्ध्याचा धोका कोणता दिसला, हे एका ओळीत टिपलेले असेल.

मूल परतल्यावर शिक्षकाने त्याच वहीतून, कार्तिकात जिथे त्याचा घोडा फुकट गेला होता, ती स्थिती पुन्हा पटावर मांडावी. चैत्रात त्याने घोड्याला आधी जोर दिला आणि तो का दिला हे सांगितले, तर ती प्रगती कोणत्याही आकड्याआधी नोंदवण्याजोगी आहे.