तालिकेची जंत्री : अपाची, पर्ल आणि सोलापुरातील एक ग्रंथालय

#धागा

१/ इतिहासाच्या साधनांवरील या धाग्यात आजवर मोडी कागद, ताम्रपट आणि वृत्तपत्रांचे जुने अंक यांविषयी लिहिले. आजचे साधन थोडे निराळे आहे : एक संगणकप्रणाली. वाळवी, ओल आणि आग यांनी दप्तरे नष्ट होतात, हे आपण जाणतो. सर्व्हरची आवृत्ती बदलल्यानेही दप्तर हरवू शकते, हे मला गेल्या वर्षी सोलापुरात उमगले.

२/ शहरातील एका जुन्या ग्रंथालयात (नाव मुद्दाम लिहीत नाही) मी १९३०च्या आसपासची पत्रके शोधत होते. त्या वर्षी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी देण्यात आले. त्या काळची पत्रके वाचून फेकून देण्यासाठीच असत. जी उरली, ती बहुधा कुणीतरी दुसऱ्याच पुस्तकाच्या शेवटी शिवून ठेवली म्हणून.

३/ अशी जिल्द दाखल नोंदवहीत एकाच पुस्तकाच्या नावाने चढते. आत आणखी काय दडले आहे, हे नोंदवही सांगत नाही. या ग्रंथालयात ते सांगणारी एकच गोष्ट होती, संगणकावरील तालिका. तिथल्या ग्रंथपालकाकांनी निवृत्तीपूर्वी एकेक जिल्द उघडून टिपा लिहिल्या होत्या : “अखेरीस तीन पत्रके, दोन मराठी, एक तेलुगू.” जुनी कार्डे त्यानंतर रद्दीत गेली. काका आता हयात नाहीत.

४/ ही तालिका एका हितचिंतक अभियंत्याने २००३च्या सुमारास विनामूल्य लिहून दिली होती. भाषा पर्ल, सर्व्हर अपाची १.३, आणि दोहोंना जोडणारा मॉड-पर्ल. ती वीस वर्षे चालली. मग हार्ड डिस्क कुरकुरू लागली, नवे यंत्र आले, त्यावर अपाची २.४ होता. सगळ्या फायली नव्या यंत्रावर उतरवल्या आणि सर्व्हर सुरू होण्यासच नकार देऊ लागला.

५/ “माहिती तर डेटाबेसमध्ये आहे ना? मग प्रणाली टाकून द्या,” असा सल्ला अनेकांनी दिला. पण डेटाबेसमध्ये होते नुसते आकडे. ७ म्हणजे तेलुगू, १२ म्हणजे ‘दुसऱ्या जिल्दीत समाविष्ट’, हे अर्थ पर्लच्या संहितेतच लिहिलेले होते. किल्ली टाकून कुलूप जपण्यासारखेच ते झाले असते. जुने यंत्र तसेच चालू ठेवावे, तर अपाची १.३ची अखेरची आवृत्ती फेब्रुवारी २०१०ची. त्यानंतर त्यातील छिद्रे कुणी बुजवलेली नाहीत.

६/ आता थोडा इतिहास. लॅरी वॉल यांनी पर्ल भाषा १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. १९९३ मध्ये सीजीआय हा संकेत आला. वाचकाची विनंती आली की सर्व्हरने एक स्वतंत्र प्रोग्राम सुरू करायचा, त्याचे उत्तर घ्यायचे, आणि तो प्रोग्राम तिथेच संपायचा. दारावर दर निरोपासाठी नवा हरकाऱ्या नेमावा, तशी ही व्यवस्था. ती साधी आणि भरवशाची होती, पण अतिशय मंद.

७/ १९९६ मध्ये आलेल्या मॉड-पर्लने हा हरकाऱ्या थेट घरातच राहायला आणला. डग मॅकइचर्न हे त्याचे प्रमुख कर्ते. पर्ल आता अपाचीच्या पोटात कायम वस्तीला असे, त्यामुळे वेग अनेक पटींनी वाढला. पण घरात राहणाऱ्याला घराच्या भिंती, खुंट्या, कोनाडे यांची सवय लागते. मॉड-पर्लवर लिहिलेली संहिता अपाचीच्या अंतर्गत रचनेलाच हात घालू लागली.

८/ एप्रिल २००२ मध्ये अपाची २.० सर्वांसाठी खुला झाला आणि घर पुन्हा बांधले गेले. एकेका विनंतीसाठी स्वतंत्र प्रक्रियाच हवी, ही अट राहिली नाही. एका प्रक्रियेत अनेक धागे चालू शकत. उत्तर वाटेत बदलणाऱ्या गाळण्या आल्या. सीजीआयच्या प्रोग्रामांना याची फारशी झळ लागली नाही, कारण ते दाराबाहेरच होते. घरात राहणाऱ्या मॉड-पर्लला मात्र सगळेच नव्याने शिकावे लागले.

९/ त्याला तीन वर्षे लागली. दरम्यान १.९९ या क्रमांकाच्या अपुऱ्या आवृत्त्या प्रसृत होत राहिल्या, आणि काही लिनक्स वितरणांनी त्याच लोकांच्या हाती दिल्या. अडचण नावांची होती : जुन्या आणि नव्या घटकांची नावे एकच, ‘अपाची’ या उपसर्गाची. एकाच यंत्रावर दोन्ही पिढ्या ठेवल्या, तर कोण कोणते हे कळेना.

१०/ अखेर एप्रिल २००५ मध्ये, अंतिम आवृत्ती अवघ्या महिन्यावर असताना, सर्व नव्या घटकांचे नामांतर झाले : ‘अपाची’ऐवजी ‘अपाची२’. ज्यांनी आधीच आपली संहिता १.९९ साठी बदलून घेतली होती, त्यांना ती पुन्हा बदलावी लागली. लोक वैतागले. पण एका नावाखाली दोन भिन्न वस्तू कायमच्या नांदवण्यापेक्षा एकदाचा त्रास बरा, हा निर्णय मला आज योग्यच वाटतो. मे २००५ मध्ये मॉड-पर्ल २.० बाहेर पडला.

११/ या उलथापालथीचा शिलालेख म्हणावा असा पुरावा कॅटलिस्ट या पर्लच्या वेब-चौकटीत सापडतो. तीही २००५ची. अपाचीशी जुळवून घेण्यासाठी तिच्यात तीन स्वतंत्र जोडण्या होत्या : एमपी१३, एमपी१९ आणि एमपी२०. पहिली जुन्या अपाची १.३ साठी, तिसरी पूर्ण झालेल्या मॉड-पर्ल २ साठी, आणि मधली त्या अर्धवट १.९९ साठी. संक्रमणकाळालाही स्वतःचा दुभाषी लागला.

१२/ चौकटीचा मुख्य भाग या तिघांपैकी कुणालाच ओळखत नसे. ‘वाचकाने काय मागितले’, ‘उत्तर कुठे लिहू’ एवढेच तो विचारी. जोडणी ते त्या त्या अपाचीच्या बोलीत सांगे. अन्य प्रणाल्या एक छोटी तपासणी करीत : मॉड-पर्लची दुसरी पिढी आपला क्रमांक एका ठरावीक चलात लिहून ठेवते, तो वाचायचा आणि त्यानुसार वाट धरायची.

१३/ हे वाचताना मला आमची जंत्री आठवली. मराठी कागदावर ‘सन ११६१’ असे दिसले, तर ते शुहूर सन आहे की फसली, हे आधी ठरवावे लागते. शुहूर असेल तर ५९९-६०० मिळवून १७६०-६१, म्हणजे पानिपतचे वर्ष. दख्खनी फसली असेल तर ५९०-५९१ मिळवून १७५१-५२. आकडा तोच, अंतर नऊ वर्षांचे. कालगणना न विचारता बेरीज करणारा अभ्यासक चुकतोच.

१४/ आणि मी नेमकी तीच चूक केली. पर्लची तोंडओळख होती, तेवढ्या बळावर मी सगळ्या फायलींत ‘अपाची’चे सरसकट ‘अपाची२’ करून टाकले. पण नामांतर झाले होते ते मॉड-पर्लच्या स्वतःच्या घटकांचे. डेटाबेसची जोडणी सांभाळणारा आणि वाचकाचे सत्र जपणारा हे दोन घटक इतरांनी लिहिलेले. त्यांची नावे जुनीच राहिली होती. जे बिघडले नव्हते, तेही मी बिघडवले.

१५/ तेव्हा परत मूळ प्रतीपासून सुरुवात केली आणि एकेक शब्द त्याच्या काळानुसार तपासला. ‘पर्ल हँडलर’ हा निर्देश आता ‘पर्ल रिस्पॉन्स हँडलर’ झाला होता. उत्तराचे शीर्ष पाठवण्याची जुनी क्रिया लुप्त झाली होती; आता केवळ मजकुराचा प्रकार सांगायचा, शीर्ष आपोआप जाते. प्रवेशाचे नियम २.४ मध्ये वेगळ्या शब्दांत लिहावे लागत होते.

१६/ सर्वांत बोधप्रद बदल एका शब्दाचा होता. नोंदी दुरुस्त करण्याची मुभा केवळ ग्रंथालयातील संगणकाला होती, आणि ते ओळखण्यासाठी संहिता ‘दूरस्थ पत्ता’ विचारी. अपाची २.४ने ही संज्ञाच दुभागली : सर्व्हरशी प्रत्यक्ष जोडलेल्या यंत्राचा पत्ता वेगळा, आणि मूळ वाचकाचा वेगळा. मध्ये एखादा मध्यस्थ सर्व्हर असला की हे दोन पत्ते जुळत नाहीत. जुन्या शब्दाचा कोणता अर्थ लेखकाला अभिप्रेत होता, हे मला संदर्भावरून ठरवावे लागले. हे काम तर आम्ही रोज करतो.

१७/ अखेर सर्व्हरला स्पर्श करणाऱ्या सगळ्या ओळी मी वेचून एका फायलीत आणल्या. विनंती, पत्ता, शीर्ष, उत्तर, एवढेच तिच्यात. आकड्यांचे अर्थ, वर्णक्रम, जिल्दींची नाती या बाकीच्या संहितेला हात लावला नाही. त्या फायलीचे नाव मी ‘जंत्री’ ठेवले.

१८/ मग पडताळणी. जुने यंत्र दिवसातून फार तर तासभर सुरू करायचे, कारण डिस्क कधी दगा देईल याचा नेम नव्हता. तोच शोध दोन्ही यंत्रांवर घ्यायचा आणि दोन पोथ्यांचे पाठ ताडून पाहावेत तशी पाने ताडायची. तेलुगू आणि कन्नड शीर्षके नव्या यंत्रावर निरर्थक चिन्हांत उमटत होती. मजकूर शाबूत होता, तो चुकीच्या लिपिसंकेतात वाचला जात होता. एका ओळीने ते सुधारले. पण पाठ ताडले नसते तर ते कुणाच्या ध्यानातही आले नसते.

१९/ पुढची आवृत्ती आली की पुन्हा हेच? या प्रश्नाचे उत्तर तात्सुहिको मियागावा यांनी २००९ मध्ये दिले होते. पायथॉनमधील डब्ल्यूएसजीआय आणि रुबीमधील रॅक यांवरून प्रेरणा घेऊन त्यांनी पीएसजीआय हा करार मांडला. सर्व्हरने विनंती अमुक रूपात द्यायची, प्रणालीने उत्तर तमुक रूपात परत करायचे. दोघांनी परस्परांच्या घरात डोकवायचे नाही. कॅटलिस्टनेही २०११ मध्ये हाच मार्ग धरला आणि निरनिराळ्या जोडण्यांचे ओझे चौकटीवरून उतरले.

२०/ आमची ‘जंत्री’ही आता त्याच कराराप्रमाणे लिहिली आहे. सर्व सर्व्हरशी संबंधित ओळी आधीच एका जागी आल्यामुळे हे काम दोन संध्याकाळींत झाले. तालिका सुरू झाल्यावर आकड्यांचे अर्थ शब्दांत उतरवून सगळ्या नोंदींची साधी मजकूर-फाइल काढली आणि तिची एक छापील प्रत बांधून ग्रंथपालांच्या कपाटात ठेवली. जुन्या यंत्राची डिस्क त्यानंतर काही आठवड्यांत बंद पडली.

२१/ काकांची ती टीप मला सापडली. जिल्द एका धार्मिक ग्रंथाची होती. नावावरून मी ती कधीच मागवली नसती. अखेरीस तीन पत्रके होती, दोन मराठी, एक तेलुगू. तेलुगू पत्रक मला वाचता आले नाही. पूर्व भागातील एका मैत्रिणीच्या आजोबांनी ते मोठ्याने वाचून दाखवले.

२२/ प्रबंधात त्या पत्रकांचा उल्लेख येईल, साधनांच्या यादीत ग्रंथालयाचेही नाव येईल. अपाचीच्या आवृत्तीचे येणार नाही. तशी प्रथा नाही. पण ते पत्रक माझ्यापर्यंत आले, ते शिवणाऱ्या अनाम हातांमुळे, टीप लिहिणाऱ्या काकांमुळे, आणि जुन्या-नव्या आवृत्त्यांमध्ये दुभाषी लिहून ठेवणाऱ्या परदेशातील अपरिचित प्रोग्रामरांमुळेही.

२३/ आपल्या गावच्या ग्रंथालयात अशी जुनी तालिका चालू असेल, तर यंत्र धडधाकट असतानाच तीन गोष्टी विचारून ठेवा : ती कोणत्या भाषेत लिहिली आहे, कोणत्या सर्व्हरवर चालते, आणि आकड्यांचे अर्थ कुठे लिहिले आहेत. उत्तर मिळाले की ते कागदावर उतरवा.

धागा समाप्त. पुढील भागात : दाखल नोंदवही कशी वाचावी.