तीन दिवस घरचे, चौथा डॉक्टरांचा!

ऑफिसचा एसी आणि पुण्याची हवा यांचं आतून काहीतरी साटंलोटं असणार. नाहीतर पावसाळा सुरू झाला की, आणि पुन्हा दिवाळीच्या आसपास, अख्खा फ्लोअर एका सुरात कसा शिंकायला लागला असता? आधी कोपऱ्यातला टेस्टिंगवाला शिंकतो. मग त्याच्या शेजारचा. मग कॉन्फरन्स रूमचं दार बंद करून आठ जणांची दीड तास मीटिंग होते आणि दोन-तीन दिवसांनी त्यातल्या पाच जणांचे मेसेज येतात, ‘थ्रोट खराब आहे, आज घरून काम करतोय.’ उरलेले तिघं हिरोसारखे ऑफिसात येतात आणि तोच प्रसाद पुढे वाटतात!

मग सुरू होतो सल्ल्यांचा पाऊस. प्रत्येकाच्या आईकडे, मावशीकडे, गावाकडच्या काकूकडे एक रामबाण उपाय असतो. आणि प्रत्येक टीममध्ये एक महाभाग असा असतो, जो ड्रॉवर उघडून मागच्या वेळची अर्धी उरलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप पुढे करतो. ‘घे रे, दोन गोळ्यांत मोकळा होशील.’ बॉस, ही स्ट्रिप मात्र हात जोडून परत करायची. साधी सर्दी होते ती व्हायरसमुळे. असे दोनशेहून जास्त व्हायरस आहेत आणि अँटिबायोटिक त्यातल्या एकाचंही काही वाकडं करू शकत नाही. पोट बिघडतं ते वेगळंच.

वाकडच्या आमच्या टू बीएचकेत आम्ही तिघी राहतो. एक कोल्हापूरची, एक नागपूरची आणि मी चिपळूणची. घरात सर्दी शिरली की तीन घराण्यांची जुगलबंदी सुरू होते. नागपूरकरणीकडे आईने करून दिलेला सुंठ-गूळ-तुपाच्या गोळ्यांचा डबा कायम तयार. ‘काऊन एवढी शिंकून राहिली? घे गोळी!’ कोल्हापूरकरणीचं औषध एकच. ‘तांबडा रस्सा वरप गं, नाक सुटतंय का न्हाई बघ!’ आणि माझ्याकडे आहे आजी. तीही व्हिडिओ कॉलवर, चष्मा कपाळावर चढवून.

आजीच्या परसात विहिरीकडे जाताना गवती चहाचं दांडगं बेट आहे, पुढच्या अंगणात तुळस आहे आणि गडग्याला अडुळसा. तिचा काढा मला आता पाठ झालाय. दोन कप पाणी. त्यात गवती चहाची चार-पाच पाती गाठ मारून टाकायची. बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, सात-आठ तुळशीची पानं, तीन-चार मिरीदाणे, दोन लवंगा, दालचिनीचा लहानसा तुकडा. हे सगळं उकळून निम्मं राहीपर्यंत आटवायचं. ‘बाय, आटवलं नाहीस तर तो काढा नव्हे, नुसता चहा हो!’ मग गाळून चवीपुरता गूळ. मध हवा असेल तर काढा कोमट झाल्यावरच घालायचा. मध गरम करायचा नाही, असं आयुर्वेद सांगतो आणि आजीपण. त्याच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, रात्री हळदीचं दूध, आणि जेवायला मऊभात आणि कुळथाची पिठी. संपलं प्रिस्क्रिप्शन.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण याने खरंच काही होतं का? मलाही हा प्रश्न पडायचा. म्हणून गेल्या पावसाळ्यात, घसा बसल्यामुळे कॉल्सवर फक्त चॅटमध्ये टाइप करत बसलेली असताना, मी हे सगळं जरा वाचून काढलं. आणि गंमत म्हणजे आजीसाठी बातमी बरीच चांगली निघाली.

सगळ्यात चांगले मार्क मधाला. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी गाइडलाइन्स बनवणारी ‘नाइस’ नावाची संस्था आहे. तिने २०१८ मध्ये सांगितलं, की साध्या खोकल्याला आधी मध घेऊन बघा, अँटिबायोटिकच्या मागे लागू नका. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. त्यात क्वचित असे जिवाणू असतात, जे तान्ह्या बाळाला फार महागात पडू शकतात. तेव्हा भाच्याला बोटावर मध चाटवायला निघालेल्या सगळ्या मावश्यांनी हात आवरावा.

गुळण्यांचंही तसंच. २००५ मध्ये जपानमध्ये ३८७ निरोगी लोकांवर एक अभ्यास झाला. रोज साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना न करणाऱ्यांपेक्षा सर्दी-घशाचा त्रास कमी वेळा झाला. नुसतं पाणी हं, त्यात काही नाही! घसा दुखत असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. फुकटात पडतं.

आणि काढा? वेल्समधल्या कार्डिफला सर्दीवरच संशोधन करणारं एक सेंटर होतं. तिथे २००८ मध्ये सर्दी झालेल्या तीस जणांना फळांचं एकच पेय काहींना गरम आणि काहींना साधं प्यायला दिलं. साध्याने नाक-खोकल्याला थोडा आराम पडला. पण घशाचं दुखणं, अंगातली थंडी आणि थकवा यांना आराम पडला तो गरम पेयानेच. म्हणजे काढ्यातला निम्मा गुण तर त्याच्या गरमपणातच आहे. उरलेला आल्या-मिऱ्याच्या झणक्यात आणि गवती चहाच्या वासात.

कोल्हापूरकरणीनेही उगाच कॉलर ताठ केलेली नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी चिकन सूपवर लॅबमध्ये प्रयोग केले आणि २००० मध्ये ते छापले. सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावपळ सूपमुळे थोडी मंदावते, असं त्यांना दिसलं. हे झालं काचेच्या नळीतलं, माणसाच्या नाकातलं नव्हे. पण तिने ते ऐकलं आणि दुसऱ्याच रविवारी रश्श्यासाठी किलोभर चिकन आणलं. सायन्सचा असाही उपयोग!

काही गोष्टींचा मात्र फुगा फुटला. वाफारा घेतल्यावर बरं वाटतं हे खरं, पण त्याने सर्दी लवकर जाते असा भक्कम पुरावा नाही. उलट उकळतं पातेलं मांडीवर घेऊन बसल्याने भाजल्याच्या केसेस होतात. पातेलं टेबलावर ठेवा आणि लहान मुलांपासून लांब. छातीला चोळायच्या बामने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण आतली वाट तेवढीच बंद असते. मेंथॉल फक्त थंडपणाची जाणीव देणाऱ्या नसांना जागं करतं. ज्येष्ठमधाची काडी चघळली की घशाला छान वाटतं, पण ती रोज आणि खूप खाल्ली तर बीपी वाढतं. घरात बीपीची गोळी घेणारं कुणी असेल तर त्यांना हे नक्की सांगा.

आणि अति तिथे माती, हे तर आपण सगळ्यांनी २०२० मध्ये अनुभवलं. आयुष मंत्रालयाने सांगितलं होतं, तुळस-दालचिनी-मिरी-सुंठ-मनुकांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा. हळद-दुधाचं मापही दिलं होतं, १५० मिली दुधाला अर्धा चमचा. आमच्या बिल्डिंगमध्ये लोक दिवसाला पाच-पाच वेळा काढा रिचवत होते आणि मग तोंड आलं, पित्त झालं म्हणून मेडिकलसमोर रांग लावत होते!

पण आजीच्या औषधपेटीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ना गवती चहा आहे, ना मध. ती आहे एक ओळ. ‘तीन दिवस घरचे, चौथा डॉक्टरांचा.’ लहानपणी आम्हाला वाटायचं, ही तिची कटकट आहे. चौथ्या दिवशी आम्ही कितीही नाचत असलो तरी ती बॅटरी घेऊन घसा बघायची, मानेखाली बोटांनी चाचपायची.

या ओळीमागची गोष्ट तिने मला फार उशिरा सांगितली. तिला एक धाकटा भाऊ होता. साधारण १९५५ च्या सुमाराची गोष्ट. नऊ वर्षांचा असताना त्याचा घसा दुखला, ताप आला. घरात काढे झाले, लेप झाले. घसा उतरला, सगळे निर्धास्त झाले. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप आला आणि आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजायला लागले. तेही बरं झालं. पण त्या आजाराने त्याच्या हृदयाच्या झडपा धरल्या. नंतर तो विहिरीपासून घरापर्यंत एक कळशी आणतानाही धापा टाकायचा. बावीस पुरा करू शकला नाही.

याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे घसा धरला आणि वेळेत योग्य अँटिबायोटिक मिळालं नाही, तर काही जणांत, विशेषतः शाळकरी मुलांत, तो हृदयापर्यंत जातो. भारतात हा आजार अजूनही संपलेला नाही. म्हणजे बघा, ज्या गोळ्या सर्दीवर बिनकामाच्या, त्याच इथे जीव वाचवतात. फक्त कुठली, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. ड्रॉवरमधल्या स्ट्रिपने नव्हे.

मागच्या हिवाळ्यात नागपूरकरीण आजारी पडली. घसा इतका दुखत होता, की थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. ताप १०२. आणि शिंक एकही नाही, नाकही कोरडं. सुंठीच्या गोळ्या झाल्या, माझा काढा झाला, गुळण्या झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, ‘अजून एक दिवस बघू न, उद्या रिलीज आहे.’ मी मोबाइलचा टॉर्च लावला. टॉन्सिल्स लालबुंद, वर पांढरे ठिपके, मानेत गाठी. रिलीज गेलं खड्ड्यात. रिक्षा केली आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, जिवाणूंचंच इन्फेक्शन आहे म्हणाले आणि दहा दिवसांचा कोर्स लिहून दिला. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब पुन्हा चिवड्यावर ताव मारत होत्या, पण दहा दिवस गोळ्या मात्र मी घड्याळ लावून गिळायला लावल्या. आजीचा वारसा आहे, काय करणार!

आजीचा हिशेब तसा अगदी बरोबर आहे. साधी सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात असते आणि मग उतरायला लागते. खोकला मागे दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, त्याने घाबरायचं कारण नाही. पण चौथ्या दिवशी उतार दिसायला हवा. तो नसेल, ताप हटत नसेल, सर्दी नसताना घसा भयंकर दुखत असेल, तर काढा ओट्यावर ठेवा आणि निघा. श्वास लागत असेल किंवा लाळही गिळता येत नसेल, तर चौथ्या दिवसाची वाटही बघू नका. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच. सिगरेट-तंबाखूवाल्यांनी तर नक्कीच.

एवढं सांभाळलं तर उरलेले तीन दिवस खुशाल घरचे. गवती चहा कुंडीत मस्त वाढतो, गॅलरीत थोडं ऊन असलं की झालं. भाजीवालीकडून मुळासकट जुडी मिळाली तर तीच लावा. आणि एक काम कराच. शहरात एकट्याने राहताना औषधं दहा मिनिटांत घरपोच येतात, पण घशात टॉर्च मारून बघणारं माणूस ॲपवर मिळत नाही. ते आपणच एकमेकांचं व्हायचं. आमच्या फ्लॅटमध्ये आता कुणी खाकरलं, की आतल्या खोलीतून पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कितवा दिवस गं?’