मागल्या चौकातले बिऱ्हाड

जुन्या वाड्यांतून ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांस मागल्या चौकातल्या बिऱ्हाडाची अडचण निराळी सांगावयास नको. स्वतःची चूल, स्वतःचे देवघर, भाडेही वेळेवर दिलेले. परंतु रस्त्यावर जावयाचे तर पुढल्या बिऱ्हाडाच्या ओसरीवरून, आणि नळाचे पाणी यावयाचे तेही त्यांच्याच न्हाणीवरून. पुढल्यांची मर्जी असली तर सारे सुरळीत. नसली तर पाण्याची घागर आणि लग्नाची वरात दोन्ही अडून बसतात. आफ्रिका खंडाचा नकाशा पुढे घेतला म्हणजे आम्हांस हाच वाडा दिसू लागतो. त्या खंडातील 16 राष्ट्रांस समुद्रकिनारा मुळीच नाही. ती सारी मागल्या चौकात राहतात.

हा नकाशा आमच्या घरी वारंवार उघडला जातो त्याचे कारण आमचा धाकटा पुतण्या. हिशेबनिसाच्या नोकरीवर तो 2008 साली झांबियाची राजधानी लुसाका येथे गेला. झांबियास शेजारी आठ, समुद्र मात्र नाही. प्रथम प्रथम त्याचे आमच्याशी बोलणे होई ते उपग्रहामार्फत. सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे शब्द जाणार, तेथून खाली येणार, आणि उत्तरही त्याच वाटेने परतणार. प्रश्न व उत्तर यांमध्ये अर्धा सेकंद सहज जाई. अर्धा सेकंद तो काय, असे कोणी म्हणेल. पण आमच्या मातुःश्री "जेवलास का रे?" असे विचारीत, उत्तर येईना म्हणून पुन्हा विचारीत, तोच पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नावर आदळे, आणि आजी व नातू दोघेही एकदम गप्प होत. खर्चाच्या मानाने त्या संभाषणात मौनच अधिक असे.

जुलै 2009 मध्ये सीकॉम नावाची समुद्रतार सुरू झाली. सुमारे 17,000 किलोमीटर लांबीच्या ह्या तारेचे एक टोक आपल्या मुंबईस आहे. मोंबासा, दार-एस-सलाम, मापुटो ही बंदरे तिने जोडली. तार म्हणावयाचे खरे, पण संदेश वाहतात ते केसासारखे बारीक काचेचे तंतू, आणि त्यांतून प्रकाश सेकंदास दोन लाख किलोमीटरांच्या वेगाने धावतो. परंतु समुद्रतार पोहोचली ती पुढल्या बिऱ्हाडांच्या दारी. तेथून आत जावयाचे तर जमीन खणावी लागते, आणि जमिनीवर सरहद्दी असतात.

पूर्वी प्रत्येक देशाचे तारखाते आपली तार आपल्या हद्दीच्या नाक्यापर्यंत आणून सोडी. पलीकडील शेजाऱ्याने आपली आणली तर सांधा व्हावयाचा. न आणली तर टोक तसेच पडून. हा सांधा स्वतःच करीत पुढे जावयाचे, ही कल्पना ज्या कंपनीने नेटाने चालविली ती लिक्विड, आणि आम्हांस विशेष वाटते ते हे की ती किनाऱ्यावरील श्रीमंत देशात जन्मली नाही. तिचे मूळ झिंबाब्वेतील एकोनेट ह्या उद्योगगृहात आहे. म्हणजे तीही मागल्या चौकातलीच! घरातून बाहेर पडावयाचे तर शेजाऱ्याच्या अंगणातून जाणे ज्यास भागच असते, त्यास अंगणे ओलांडण्याची विद्या लवकर येते.

एकोनेटचे संस्थापक स्ट्राइव्ह मसियिवा हे इंजिनियर. भ्रमणध्वनीचा धंदा काढावयाचा म्हणून त्यांनी परवाना मागितला, तो सरकारने नाकारला. ते न्यायालयात गेले. टेलिफोनचा सरकारी मक्ता हा नागरिकांच्या भाषणस्वातंत्र्यास बाधक आहे, असा निर्णय देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. तरीही परवाना हाती पडावयास 1998 साल उजाडले. टेलिफोन म्हणजे बोलणे, आणि बोलणे म्हणजे हक्क, ही साधी गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडण्यास केवढे सायास पडले!

पुढे लिक्विडची तार देशामागून देश ओलांडीत गेली. 2018 साली इजिप्तच्या तारकंपनीशी करार करून केप टाऊन ते कैरो अशी सलग भूतार करण्याचे तिने जाहीर केले. केप ते कैरो हे स्वप्न सेसिल ऱ्होड्स साहेबांचे. त्यांची आगगाडी पुरी झाली नाही, आणि त्यांची तारायंत्राची तारही टांगानिका सरोवराकाठी उजिजीपर्यंत जाऊन थांबली. साहेबांस ती वाट साम्राज्यासाठी हवी होती. तिच्या पूर्ततेस हात लावला तो झिंबाब्वेच्या एका काळ्या उद्योजकाने. इतिहासाच्या ह्या न्यायाचे आम्हांस थोडे समाधान वाटते, ते लपवीत नाही.

काही ठिकाणी खणताही येत नाही. ब्राझाव्हिल आणि किन्शासा ह्या दोन राजधान्या काँगो नदीच्या दोन तीरांवर अगदी समोरासमोर आहेत. मध्ये पूल नाही, आणि नदी अति खोल व वेगवान. त्यामुळे समोर दिसणाऱ्या गावी जावयास तार 400 किलोमीटरांहून अधिक वळसा घेई, आणि किन्शासात इंटरनेट पाचपट महाग पडे. 2021 साली लिक्विडने गूगलच्या भावंड-संस्थेचे साहाय्य घेऊन तारेवाचूनच प्रकाशाचा झोत नदीवरून 4.8 किलोमीटर पलीकडे सोडला. पहिल्या वीस दिवसांत त्यावरून 700 टेराबाइट मजकूर गेला. हे वाचून मातुःश्रींनी विचारले, "धुके पडले म्हणजे?" प्रश्न बरोबर आहे, दाट धुके हाच त्या झोताचा शत्रू.

आता लुसाकाहून पुतण्याचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येतो. मात्र तो राहतो त्या वस्तीत काचतंतू घरापर्यंत आला आहे. गरिबांच्या वस्त्यांत, ज्यांस तेथे कंपाउंड म्हणतात, लोक अजून भ्रमणध्वनीवर थोडे थोडे इंटरनेट विकत घेऊन भागवितात. मोठी तार जवळून गेली म्हणून नळ घरात आला असे होत नाही.

आणि सरहद्द ओलांडली म्हणून सरकार मागे राहते असेही नाही. जानेवारी 2019 मध्ये झिंबाब्वेत पेट्रोलचे भाव एकदम वाढविले गेले, लोक रस्त्यावर आले, आणि सरकारने इंटरनेट बंद करण्याचा हुकूम काढला. भाषणस्वातंत्र्याच्या आधारावर उभ्या राहिलेल्या एकोनेटसही तो पाळावा लागला. न पाळल्यास तुरुंग होता, असे कंपनीनेच जाहीर केले. 21 जानेवारीस तेथील उच्च न्यायालयाने सांगितले की असा हुकूम देण्याचा त्या मंत्र्यास अधिकारच नव्हता. तोवर लोकांचे दिवस गेले ते गेले.

ही हकीकत आम्ही थोरल्या बंधूंस वाचून दाखविली. त्यांची सारी नोकरी तारखात्यात झाली. 2013 च्या जुलैत आपल्याकडील तारसेवा बंद झाली त्या दिवशी ते जेवले नव्हते. ऐकून घेऊन ते म्हणाले, "त्यांस नावे कशाला ठेवता? तार अडविण्याचा अधिकार आपल्या 1885 च्या कायद्यात इंग्रजांनी लिहूनच ठेवला होता. इंग्रज गेले, आपल्याकडे इंटरनेट बंद ठेवले ते पुष्कळ वर्षे त्याच कायद्याच्या जोरावर." 2023 साली नवा कायदा झाला असे पुतण्याने तिकडून सांगितले. तो अधिकार त्यातही कायम आहे.