धोंड्यातले सप्ताह

उन्हाळ्यात गाणं ऐकायला बोरीकराला लांब जावं लागत नाही. मे महिन्यात संध्याकाळी परभणी-जिंतूर रस्त्याला लागा, कुठल्या ना कुठल्या देवळाच्या भोंग्यातून पखवाज ऐकू येतोच. ज्वारी-हरभरा घरात आलेला, पऱ्हाट्या उपटून झालेल्या, पेरणीला अवकाश. अखंड हरिनाम सप्ताह बसायला याहून मोकळे दिवस नाहीत.

यंदा, २०२६ला, तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात याआधी आला तो २०१८ साली. २०२०चा आश्विनात गेला, २०२३चा श्रावणात. धोंड्यात लग्नं नसतात, त्यामुळे मंडपवाले आणि साउंडवाले रिकामे असतात. सप्ताह वाढण्याचं कारण पुण्य तर आहेच, पण हेही आहे.

२०१८ला मला दुपारच्या पहाऱ्याला उभं केलं होतं. सप्ताहभर वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडणार. पहाटेचा पहारा सगळ्यांना हवा असतो, बारा ते दोनचा कुणालाच नको, म्हणून तो नवख्याच्या वाट्याला येतो. वर तापलेला पत्रा, समोर ऐकणारं कुणी नाही. खांबाला टेकलेले एक आजोबा डुलक्या घेत होते, पण त्यांचा टाळ चुकत नव्हता. मला आधी हसू आलं. मग मी त्यांच्याच टाळावर चालू लागलो.

संध्याकाळी हरिपाठाला पखवाज आला. त्याच्या धुम्याला लावलेली कणीक आपल्याकडच्या उन्हात लगेच वाळते आणि आवाज वर चढतो. पखवाजी मधूनमधून पाण्याचा हात फिरवत होता, तोंडानं उन्हाला शिव्या घालत होता आणि ठेका मात्र सोडत नव्हता.

रात्री नऊच्या कीर्तनाला गर्दी लोटते. नावाजलेले महाराज, विनोद, वर धरलेले मोबाईल. कीर्तन चांगलंही असतं, पण गाणं ऐकायचं असेल तर ते संपल्यावर थांबावं. गर्दी घरी गेली की जागर सुरू होतो. आजूबाजूच्या गावांची भजनी मंडळं येतात. एकानं अभंगाची एक चाल लावली की दुसरा तोच अभंग वेगळ्या चालीत वर उचलतो, तिसऱ्याला मग गप्प बसवत नाही. गवळण, भारूड, मध्येच चहा. दिवसभर नांगर धरलेल्या गड्याचा गळा दोन वाजता असा काही लागतो, की उठायचं म्हणून गोळा केलेली सतरंजी पुन्हा पसरावी लागते. बायकांची मंडळं यात मागं नाहीत. त्यांना वेळ दुपारचीच मिळते, हे मला खटकतं.

सप्ताहाच्या पत्रिकेत महाराजांची नावं फोटोसह वर असतात, जागराची गावं तळाशी बारीक अक्षरांत. मी पत्रिका तळापासून वाचतो आणि मंडळ ओळखीचं निघालं की त्या रात्री मोटारसायकल काढतो.